वॉकी-टॉकीला कुठला स्पीकर-माइक चालेल, हे कसं तपासायचं

गेल्या वर्षीच्या विसर्जन मिरवणुकीत आमच्या स्वयंसेवकांचा वायरलेस चॅनल वीसेक मिनिटं ठप्प झाला. दहा सेट होते, दहाही रात्रभर चार्ज केलेले. पण कुणाच्याही सेटमधून ऐकू यायचं ते एवढंच: कापड घासल्याचा आवाज आणि लांबून ताशाची तर्री. पुढच्या चौकातल्या मुलांना रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करायला सांगायचं होतं. शेवटी एकाला गर्दीतून पळत पाठवून तो निरोप द्यावा लागला.

नंतर शोध लागला. एका मुलाने सेट रेनकोटच्या आत कमरेला अडकवला होता आणि खांद्यावर नवा कोरा स्पीकर-माइक लावला होता. माइकचा प्लग सॉकेटमधून जेमतेम दीड मिलिमीटर बाहेर राहिला होता. तेवढ्याने बोलायचं बटण दाबल्यासारखं झालं, सेट आपोआप प्रक्षेपण करत राहिला आणि बाकीच्या नऊ जणांची तोंडं बंद झाली. त्या मुलाची काहीच चूक नव्हती. माइक त्या सेटचा आहे असं दुकानात सांगितलं होतं आणि प्लग आत गेल्यासारखा दिसत होता.

माझ्याकडे हॅम, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना आहे, म्हणून मंडळाचे सेट सांभाळायचं काम माझ्याकडे असतं. त्या दिवसापासून तपासल्याशिवाय एकही माइक कुणाच्या खांद्यावर जात नाही. तपासायला पंधरा मिनिटं लागतात, लागतो तो एक साधा मल्टिमीटर आणि एक मित्र.

आधी माइक म्हणजे काय ते बघू. स्पीकर-माइकच्या डबीत तीनच मुख्य गोष्टी असतात: एक छोटा स्पीकर, एक माइक आणि बोलायचं बटण, ज्याला सगळे पीटीटी म्हणतात. गुंडाळीच्या वायरीतून हे तिन्ही सेटशी जोडले जातात. सेट कमरेला, डबी खांद्यावर, कान आणि तोंड दोन्हींजवळ. ढोलपथकाच्या शेजारी उभं राहून सेट कानाला लावून बघा, मग या डबीची किंमत कळते. ‘चालतो’ म्हणायचं तर हे तिन्ही तुकडे सेटमधल्या नेमक्या तारेला जाऊन मिळायला हवेत आणि सेटला अपेक्षित असलेल्या पद्धतीने वागायला हवेत. नुसता प्लग बसला म्हणून ते होत नाही.

सुरुवात प्लगपासून करू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते.

आपल्याकडे सर्वात जास्त दिसतो तो दोन पिनांचा प्लग. एक पिन जाड, ३.५ मिलिमीटरची, मोबाइलच्या जुन्या इयरफोनसारखी. दुसरी बारीक, २.५ मिलिमीटरची. दोन्ही एकाच प्लास्टिकच्या ठोकळ्यातून बाहेर आलेल्या असतात. ही जोडी केनवुडने रूढ केली आणि बाओफेंग यूव्ही-५आर, बीएफ-८८८एस, क्वानशेंग यूव्ही-के५ अशा कितीतरी सेटनी तीच उचलली. म्हणून दुकानदार तिला सरसकट ‘के टाइप’ किंवा ‘केनवुड पिन’ म्हणतात.

मोटोरोलाच्या बऱ्याच सेटनाही दोनच पिना असतात आणि त्याही ३.५ आणि २.५ च्याच. आयकॉमच्या जुन्या सेटनाही तसंच. फोटोत तिन्ही भावंडं वाटतात. पण पिनांमधलं अंतर आणि ठोकळ्याचा आकार वेगळा असतो, आणि त्याहून मोठा फरक आतल्या जोडणीत आहे. केनवुड पद्धतीत स्पीकर बारीक पिनेवर आणि माइक जाड पिनेवर असतो. मोटोरोला आणि आयकॉमच्या पद्धतीत नेमकं उलटं: स्पीकर जाड पिनेवर, माइक बारीक पिनेवर. म्हणून ‘दोन पिनांचा माइक द्या’ एवढंच सांगून विकत घेऊ नका. पिना थोड्या तिरक्या करून किंवा जोर लावून बसवायचा मोह तर अजिबात नको, कारण माइक पाचशेचा असतो आणि सॉकेट गेलं तर सेट उघडावा लागतो.

एकाच कंपनीचे सेट म्हणजे एकच माइक, हेही खरं नाही. बाओफेंगच्याच यूव्ही-९आरला पाण्यापासून संरक्षणासाठी वेगळं, स्क्रूने आवळायचं कनेक्टर आहे. त्यात यूव्ही-५आरचा माइक लागतच नाही. केनवुडच्या मोठ्या व्यावसायिक सेटना अनेक पिनांचं कनेक्टर असतं. येसूच्या एफटी-६०आरला एकच ३.५ मिलिमीटरची पिन, पण तिच्यावर चार भाग. ती बघून मोबाइलचा इयरफोन लावून बघावासा वाटतो. तो आत जातो, पण मोबाइलची आणि सेटची आतली जोडणी एक नाही. शिवाय सेटचा आवाज मोबाइलपेक्षा फार जोरकस असतो, म्हणून असा प्रयोग करायचाच असेल तर निदान इयरफोन कानात घालून करू नका. मोटोरोलाच्या टॉकअबाउट प्रकारच्या छोट्या सेटना एकच २.५ ची पिन असते.

तेव्हा पहिला नियम: कंपनीचं नाव नव्हे, मॉडेलचा पूर्ण क्रमांक बघा. तो बॅटरी काढल्यावर मागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. मग सेटच्या कंपनीने त्या मॉडेलसाठी कुठला माइक सांगितलाय ते तिच्या माहितीपत्रकात शोधा. केनवुडच्या दोन पिनांच्या सेटसाठी केएमसी-४५ आहे, एफटी-६०आरसाठी एमएच-३४बी४बी. तुम्ही स्वस्तातला पर्यायी माइक घेणार असलात तरी हा क्रमांक हाताशी असू द्या. ‘केएमसी-४५ च्या जागी चालणारा’ असं विचारलं की दुकानदारालाही नेमकं कळतं.

आता पिनेच्या आत डोकावू. एका पिनेवर काळ्या प्लास्टिकच्या दोन रेघा दिसतात. त्या रेघांनी पिनेचे तीन भाग केलेले असतात: टोक, मधलं कडं आणि बुंधा. प्रत्येक भाग ही एक वेगळी तार. दोन पिना मिळून सहा तारा. केनवुड पद्धतीत बारीक पिनेच्या टोकावर स्पीकरचा आवाज येतो आणि तिचा बुंधा म्हणजे जमीन, म्हणजेच अर्थिंग. जाड पिनेच्या कड्यावर माइक. जाड पिनेचा बुंधा पीटीटीचा: तो बारीक पिनेच्या बुंध्याशी जोडला गेला की सेट म्हणतो, बटण दाबलं, प्रक्षेपण सुरू. बस, एवढंच. बटण दुसरं काही करत नाही. दोन बुंधे एकमेकांना भेटवतं.

हे एकदा लक्षात आलं की आमच्या मिरवणुकीत काय झालं तेही कळतं. सॉकेटच्या आत प्रत्येक भागासाठी एक छोटी स्प्रिंगची पट्टी ठरलेल्या खोलीवर असते. पिन पूर्ण आत गेली तर पट्टी बरोबर आपल्या भागावर टेकते. दीड मिलिमीटर बाहेर राहिली तर बुंध्यासाठीची पट्टी कड्यावर टेकते किंवा रेघेवर बसून दोघांना चिकटते. मग कधी सेट आपोआप बोलू लागतो, कधी माइक मुका होतो, कधी स्पीकर खरखरतो. काही माइकच्या ठोकळ्याचा प्लास्टिकचा कडाच इतका जाड असतो की सेटच्या खोबणीत तो पूर्ण मावत नाही. सेटला कव्हर घातलेलं असेल तर आणखी वाईट. प्लग बसवल्यावर नख मध्ये घालून बघा: ठोकळा आणि सेट यांच्यात फट उरता कामा नये. घरी स्वतः प्लग जोडणाऱ्यांनी आणखी एक जपावं. धातूच्या टोपणाच्या दोन सुट्या पिना वापरल्या आणि ती टोपणं एकमेकांना टेकली, तर दोन बुंधे कायमचे भेटले असं समजा.

पीटीटीची पद्धतही सगळीकडे सारखी नसते. केनवुडमध्ये वर सांगितलं तशी सरळ जोडणी. आयकॉमच्या जुन्या दोन पिनांच्या सेटमध्ये बटण दाबल्यावर माइकच्याच तारेवर ३३ किलोओहमचा रोधक (रेझिस्टर) येतो आणि तेवढा बारीक प्रवाह वाहू लागला की सेट प्रक्षेपण सुरू करतो. तिथे वेगळी पीटीटीची तारच नाही. म्हणून पिन कापून दुसरी लावली की झालं, असा सल्ला कुणी दिला तर मानू नका. प्लग बदलला तरी आतला रोधक बदलत नाही. मोटोरोलाच्या काही डिजिटल सेटमध्ये तर माइक आणि सेट एकमेकांना ओळख देतात, आणि त्या ओळखीप्रमाणे सेट आवाज जुळवून घेतो.

माइकचाही प्रकार असतो. आजकालच्या बहुतेक डब्यांत इलेक्ट्रेट माइक असतो, मुगाच्या डाळीपेक्षा थोडा मोठा, चंदेरी डबीसारखा. त्याला चालायला दोन-तीन व्होल्टचा आधार लागतो आणि तो सेटकडूनच, त्याच तारेतून येतो. डायनॅमिक माइकला असा आधार लागत नाही. प्रकार जुळला नाही तर लक्षण ठरलेलं: बटण दाबता, लाल दिवा लागतो, समोरच्याच्या सेटवर हिरवा दिवाही लागतो, पण आवाज शून्य किंवा विहिरीतून आल्यासारखा. स्पीकरच्या बाबतीत बघायचं ते ओहम. स्पीकर-माइकचे स्पीकर बहुधा ८ किंवा १६ ओहमचे असतात. सेटला हवा त्यापेक्षा जास्त ओहमचा लावला तर आवाज कमी येतो, एवढंच. कमी ओहमचा लावला तर सेटमधल्या आवाजाच्या चिपवर ताण पडतो, आणि ते धोक्याचं.

आता मल्टिमीटर. माइक सेटपासून सुटा, टेबलावर ठेवा. खाली दिलंय ते केनवुड पद्धतीच्या माइकसाठी.

मीटर बीपवर लावा, म्हणजे ज्या खुणेवर दोन टोकं टेकवली की मीटर वाजतो तिथे. एक टोक जाड पिनेच्या बुंध्यावर, दुसरं बारीक पिनेच्या बुंध्यावर. मीटर गप्प राहिला पाहिजे. आता माइकचं बटण दाबा: बीप. सोडा: लगेच बंद. हे वीस वेळा करा. बटण कडेने दाबून बघा, तिरकं दाबून बघा, वायर प्लगजवळ आणि डबीजवळ वाकवून, पिळून बघा. बटण न दाबता एकदा जरी बीप आली तरी तो माइक बाजूला ठेवा. त्याला दुसरी संधी देऊ नका. मिरवणुकीत, ट्रेकवर, पुराच्या पाण्यात तो नेमका तेव्हाच दगा देतो जेव्हा वायर सर्वात जास्त ओढली जाते. अर्धवट बीप किंवा थरथरती बीप आली तर बटणाखालचा पत्रा झिजलाय असं समजा.

मग मीटर ओहमवर घ्या. बारीक पिनेचं टोक आणि बुंधा. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर सातच्या आसपास दाखवतो, सोळाचा चौदा-पंधरा. आकडा छापलेल्यापेक्षा थोडा कमी येतो, कारण छापलेला आकडा आवाजाच्या उलटसुलट प्रवाहासाठी असतो आणि मीटर सरळ प्रवाह वापरतो. मीटरचं टोक टेकवता-काढताना डबीतून बारीक ‘कट्’ असा आवाज येतो. तो आला की स्पीकर जिवंत आहे आणि तो याच पिनेवर आहे हेही पक्कं झालं. इथे काहीच आलं नाही आणि जाड पिनेवर आठ-सोळा ओहम दिसले, तर तुमच्या हातात दुसऱ्याच पद्धतीचा माइक आहे. डबीला इयरफोनचं भोक असेल तर आधी ते रिकामं आहे ना बघा, कारण त्यात काही घातलं की स्पीकरची जोडणी सुटते. काही डब्यांत आवाज कमी-जास्त करायची चकती किंवा छोटी चिप असते, त्यांचे आकडे वेगळे येतील.

शेवटी जाड पिनेचं कडं आणि तिचाच बुंधा. इथे इलेक्ट्रेट माइक असेल तर किलोओहमच्या घरातला आकडा दिसतो. डबीच्या छोट्या भोकावर हळूच फुंकर मारा, आकडा थरथरतो. पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा मला लहान मुलासारखा आनंद झाला होता, आणि अजूनही होतो. आपल्या श्वासाने आकडा हलतोय म्हणजे इथून आवाज जाणार.

मीटरची परीक्षा पास झाली की खरी परीक्षा. सेट बंद करून माइक लावा, मग चालू करा. सेटमध्ये आवाजाने आपोआप बोलण्याची सोय असते, व्हॉक्स म्हणतात तिला. ती बंद ठेवा, नाहीतर ताशाच्या आवाजावर सेट बोलू लागेल आणि दोष माइकला लागेल. बटणाला हात न लावता लाल दिवा लागला तर लगेच प्लग काढा.

दुसरा सेट घेऊन मित्राला पन्नासेक मीटर लांब पाठवा. एकाच खोलीत तपासू नका: एकाचा स्पीकर दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरून किंचाळी उठते, आणि इतक्या जवळून सेटचं रिसीव्हरही गुदमरतं. मित्राला आधी सेटच्या स्वतःच्या माइकवरून दहापर्यंत आकडे म्हणून दाखवा, मग स्पीकर-माइक लावून तेच, तोंडापासून चार बोटांवर धरून. मित्राने फरक सांगायचा. आवाज फाटतोय का? माइक गरजेपेक्षा तेज आहे. दबतोय का? मंद आहे, किंवा तुमचं बोट भोकावर आहे. हेही खूपदा होतं.

हेच पुन्हा सेटची शक्ती वाढवून करा. यूव्ही-५आरसारख्या सेटवर कमी शक्ती साधारण १ वॅटची आणि जास्त ४-५ वॅटची. कमी शक्तीवर स्वच्छ बोलणारा माइक जास्त शक्तीवर घरघरायला किंवा शिटी मारायला लागला तर दोष जोडणीत नसतो. अँटेनातून निघालेल्या लहरी गुंडाळीच्या वायरीत शिरतात आणि माइकच्या तारेवर बसतात. कधी त्या पीटीटीलाही धरून ठेवतात: बटण सोडलं तरी लाल दिवा जात नाही. वायर अँटेनापासून लांब, अंगाच्या दुसऱ्या बाजूने घ्या, प्लगजवळ वायरीवर फेराइटचा मणी, म्हणजे अशा लहरी अडवणारं छोटं कडं, लावा. तरीही नाही गेलं तर तो माइक कमी शक्तीच्या सेटसाठी ठेवा.

सेटच्या मेनूमध्ये टाइम-आउट टायमर असतो. तो साठ सेकंदांवर ठेवा. माइक अडकला तरी एका मिनिटात सेट स्वतः गप्प होतो आणि चॅनल मोकळा होतो. आमच्या त्या सेटवर तो बंद करून ठेवलेला होता. हे एक काम आज रात्री करा, माइक नंतर तपासला तरी चालेल.

पावसाबद्दल थोडं. सेटवर आयपी६७ लिहिलंय म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो. पण ते सॉकेटचं रबरी झाकण लावलेलं असताना. माइक लावायला झाकण उघडलं की ते वचन संपलं, जोपर्यंत माइकचं कनेक्टर स्वतः रबरी कड्यासह स्क्रूने आवळलं जात नाही. डबीवरचा आकडाही वेगळा वाचावा. सेट ६७ आणि माइक ५४ असला तर खांद्यावरच्या डबीला फक्त शिंतोडे सोसतात.

रिफायनरीत, गॅसच्या प्लांटमध्ये, पेट्रोलच्या टाक्यांजवळ काम करणाऱ्यांनी या लेखातला एकही घरगुती प्रयोग करू नये. तिथे ठिणगी न पाडणारे सेट वापरतात आणि माइक त्या सेटसोबत तपासून प्रमाणित झालेला असावा लागतो. भारतात स्फोटक वातावरणातल्या उपकरणांची मान्यता पेसो ही संस्था देते, मुख्यालय आपल्या नागपूरचं. सेट प्रमाणित आणि माइक बाजारातला, असं झालं तर प्रमाणपत्राला अर्थ उरत नाही. ही जिवाची गोष्ट आहे.

परवान्याचं विचारतात म्हणून: ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झमधले कमी शक्तीचे मान्यताप्राप्त सेट भारतात परवान्याशिवाय वापरता येतात. मंडळांनी तेच घ्यावेत. यूव्ही-५आरसारखा खुला, म्हणजे हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारा, सेट स्वयंसेवकाच्या हातात द्यायचा नाही. हॅमच्या पट्ट्यांवर बोलायला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो.

आमच्याकडे आता प्रत्येक पास झालेल्या माइकच्या गळ्याशी, जिथे वायर प्लगमध्ये शिरते तिथे, रंगीत टेपचा तुकडा असतो आणि त्याच रंगाचा तुकडा त्याच्या सेटवर. पिवळ्या सेटला पिवळा माइक. टेपवर तपासल्याचा महिना लिहिलेला असतो. वायर पहिल्यांदा तुटते ती याच गळ्यापाशी, म्हणून टेप सैल करून खालचं रबर फाटलंय का ते दर वेळी बघतो. यंदा बारापैकी तीन माइक टेपशिवाय राहिले. ते मुलांना पिना ओळखायला शिकवायला ठेवले आहेत, सेटला लावायला नाहीत.